हात लावू नका म्हणे!

गेल्या महिन्यात आमच्या धाकट्या नातीचं बारसं झालं, बंगळूरला. हिचे गुडघे आणि माझं ब्लडप्रेशर, त्यामुळे जाणं जमण्यासारखं नव्हतं. संगणकावर बघायचं ठरलं. हिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय, तेव्हा मोठा पडदा हवाच. आणि नेमकं त्या रविवारी संगणकावर नेट नाही! शेवटी मोबाईलवर बघितलं. हिला पाळण्यातलं बाळ काही धड दिसलं नाही. "नाक कुणावर गेलंय हो?" हे मला तीनदा विचारून झालं.

यंत्र आहे, बिघडायचंच, असं म्हणून मी सोडून दिलं असतं. पण मंडळी, बिघाड काही नव्हताच! म्हणून हा लेखनप्रपंच.

झालं ते असं. त्याच आठवड्यात आम्ही जुनी जोडणी सोडून नवी फायबरची घेतली होती. कंपनीचा मुलगा आला, डबा भिंतीला ठोकला, स्वतःच्या मोबाईलवर नेट चालतंय हे बघितलं, सही घेतली आणि गेला. संगणक मात्र मुका. तक्रार केली तर "सोमवारनंतर माणूस पाठवतो". चिरंजिवांना फोन केला. ते म्हणाले, "बाबा, तुम्ही कशालाही हात लावू नका हं! मी आलो की बघतो." चिरंजीव येणार दिवाळीला!

मंगळवारी माणूस आला. दोन मिनिटं खटखट केली, नेट चालू. तीनशे रुपये.

"काय केलंस रे?"

"सेटिंग बदललं, काका."

"कुठलं?"

"ते तुम्हाला नाही कळायचं. कशाला डोक्याला त्रास करून घेता?"

चौतीस वर्षं मी आठवी-नववीला मराठी आणि इतिहास शिकवला. "तुला नाही कळायचं" हे मी शेवटच्या बाकावरच्या मुलालाही कधी म्हटलं नाही. 'मॅन्युअल' होतं त्याचं 'ऑटोमॅटिक' झालं, एवढं मी त्याच्या मागे उभं राहून वाचलं होतं. तेवढा धागा धरून रात्री शोधायला बसलो. तासाभरात उलगडा झाला.

नेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक क्रमांक लागतो, त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. घरातल्या यंत्रांना तो क्रमांक भिंतीवरचा डबा, म्हणजे राउटर, वाटत असतो. वर्गशिक्षक हजेरीपटावर क्रमांक घालतात, तसंच. जुन्या जोडणीच्या वेळी आलेल्या कुणीतरी आमच्या संगणकात हा क्रमांक हाताने टाईप करून ठेवला होता, १९२.१६८.१ ने सुरू होणारा. नवा राउटर वाटतो १९२.१६८.० चे. म्हणजे पोराने शाळा बदलली, पण हजेरी देतोय जुन्या शाळेच्या क्रमांकाने. कोण 'हजर' लावणार?

उपाय इतकाच. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, तिथे 'नेटवर्क अँड इंटरनेट', आणि संगणक वायरने जोडला असेल तर 'इथरनेट'. 'आयपी असाइनमेंट'समोर 'मॅन्युअल' दिसलं तर 'एडिट'वर टिचकी मारून 'ऑटोमॅटिक (डीएचसीपी)' निवडा आणि सेव्ह करा. तिथेच 'डीएनएस सर्व्हर असाइनमेंट' आहे. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा क्रमांक सांगणारी डिरेक्टरी. तीही ऑटोमॅटिक करा. आधी मात्र जुने आकडे वहीत उतरवून ठेवा. आणि एक खूणगाठ बांधा. त्याच डब्यावर मोबाईल चालतोय आणि संगणक चालत नाही, म्हणजे लाईन बहुतेक ठीक आहे, संगणकात बघा.

यात न कळण्यासारखं काय आहे, सांगा पाहू?

विंडोज करणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. एक्सपीच्या काळात मी हे सगळं वहीत लिहून ठेवलं होतं. आता ती वही कुचकामी. दर काही वर्षांनी हे लोक घरातली भांडी दुसऱ्या फडताळात लावतात आणि गृहिणीला म्हणतात, शोध! जुनं कंट्रोल पॅनेल अजून आत आहेच, त्याच्यावर नवं सेटिंग्ज आलं. एकच गोष्ट दोन ठिकाणी, दोन वेगळ्या नावांनी.

"चुकीचं बटण दाबलंत तर?" असं आमची मुलं विचारतात. तर नेट बंद पडेल, जे बंदच होतं! वहीतले आकडे परत घातले की मूळपदावर. कचेरीतल्या संगणकाची गोष्ट वेगळी, तिथे क्रमांक मुद्दाम ठरवून दिलेला असू शकतो, तिथे विचारल्याशिवाय हात लावू नये. पण स्वतःच्या घरात?

मुलं असंही म्हणतात की वयस्कर माणसांची फसवणूक फार होते, म्हणून काळजी वाटते. काळजी खरी आहे. पण फसतो कोण? ज्याला आपल्या यंत्रात काय असतं ते ठाऊक नसतं, तोच. उद्या कुणी फोन करून म्हणाला, "काका, तुमच्या नेटच्या सेटिंगमध्ये गडबड आहे, मी सांगतो ते उतरवून घ्या, मी इथून दुरुस्त करतो," तर 'हात लावू नका' एवढंच शिकलेला माणूस संगणक त्याच्याच हातात देईल. कारण दुसऱ्याच्या हातात द्यायची सवय तुम्हीच लावलीत ना! ज्याने ते पान एकदा स्वतः उघडून बघितलंय, तो निदान म्हणेल, थांब, मी बघतो.

म्हणून माझं सांगणं आहे. दुरुस्तीला येणाऱ्यांनो, काय बदललंत ते एका ओळीत लिहून द्या. डॉक्टर औषध लिहून देतात, तुम्हाला काय हरकत आहे? चिरंजिवांनो, तुम्ही आलात की आमच्या हातून माऊस घेऊ नका, शेजारी बसा आणि आम्हाला करू द्या. वेळ लागेल. तुम्हाला पाढे शिकवताना आम्हालाही लागला होता. आणि माझ्या वयाच्या मंडळींनो, एक वही करा. तारीख, काय बंद पडलं, काय बदललं. बस्स.

माझ्या नव्या वहीच्या पहिल्या पानावर तीनशे रुपयांची नोंद आहे. शिकवणीची फी म्हणून लिहिली आहे, जरी शिकवणी मलाच घ्यावी लागली तरी.

असो. परवा हिने बाळाला मोठ्या पडद्यावर पोटभर बघितलं. नाक आमच्याच घराण्याचं आहे म्हणते.