अकाली प्रसूतीचे भाकीत आणि ऊसतोडीचा हंगाम
(जैवतंत्रज्ञान विभागास खुले पत्र)

माननीय सचिव, जैवतंत्रज्ञान विभाग, भारत सरकार, यांस



आपल्या विभागाच्या ‘गर्भ-इनी’ उपक्रमात, 2015 पासून गुरुग्रामच्या जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या गर्भवतींची विसाव्या आठवड्याच्या आत नोंद घेऊन, त्यांच्या रक्ताचे नमुने टप्प्याटप्प्याने जतन करून, सदतीस आठवडे भरण्यापूर्वीच कोण बाळंत होईल हे आगाऊ सांगणारी जैवचिन्हे शोधण्याचे जे कार्य फरीदाबादच्या शास्त्रज्ञांनी चालविले आहे, त्याविषयी नितांत आदर बाळगूनच हे लिहीत आहे. 2020 साली जगात सुमारे 1 कोटी 34 लक्ष मुले अपुऱ्या दिवसांची जन्मली आणि त्यांतील 30 लक्ष आपल्या देशातील होती. तेव्हा या संशोधनाची निकड मी आपणांस सांगावी असे नाही.

मला सांगावयाचे आहे ते पंचांगाविषयी. उदाहरणार्थ, रक्तातील दोन प्रथिनांच्या प्रमाणावरून असे भाकीत करणारी जी चाचणी अमेरिकेत प्रचारात आली आहे, तिच्यासाठी रक्त अठराव्या ते विसाव्या आठवड्यातच घ्यावे लागते. आता आमच्या गंगाखेड तालुक्यातील एखाद्या ऊसतोड बाईची शेवटची पाळी पोळ्याच्या सुमारास आली असे धरा. दसरा-दिवाळीच्या दरम्यान मुकादमाकडून उचल घेतलेले जोडपे कोयते, भांडी आणि धाकटे पोर ट्रॅक्टरवर घालून कारखान्याच्या वाटेला लागते. अठरावा आठवडा उजाडतो तो पौषात, आणि तेव्हा ही बाई कित्येक तालुके ओलांडून परक्या मुलखातील फडात, पहाटेच्या थंडीत, डोक्यावरून उसाच्या मोळ्या वाहत असते. तिचे गरोदरपणाच्या नोंदीचे कार्ड मात्र बहुधा गावी पेटीत राहिलेले असते.

त्या कार्डावरील तारखेचीही कथा ऐकण्यासारखी आहे. “पोळ्याच्या आगंमागं” एवढेच बाई सांगते, आणि परिचारिका, रकाना कोरा ठेवण्याची मुभा नसल्यामुळे, त्यात एक तारीख भरते. पंधरवड्याचा फरक तेथेच पडतो, आणि मग चाचणी कितीही सूक्ष्म असली तरी तिचा हिशेब चुकीच्या दिवसापासून सुरू होतो. म्हणूनच मद्रासच्या आयआयटीच्या सहकार्याने आपण 2024 साली भारतीय गर्भवतींच्या सोनोग्राफीवरून गर्भाचे वय ठरविणारे जे सूत्र प्रसिद्ध केले, ते मला कोणत्याही जैवचिन्हाहून मोलाचे वाटते. उशिरा तपासणीस येणाऱ्या बाईलाही त्याचा लाभ आहे. (शास्त्रज्ञांना स्वतःच्या या कामाची महती वाटते की नाही, कोण जाणे!)

शिवाय भाकिताचे पुढे करावयाचे काय? गर्भाशयमुखाच्या स्रावातील फायब्रोनेक्टिनची तपासणी नकारार्थी आली तर नजीकच्या दिवसांत प्रसूती होणार नाही असा बराच भरवसा देता येतो, होकारार्थी आली तर मात्र तेवढा निर्वाळा देता येत नाही. अशा अर्धवट इशाऱ्यावर विश्रांतीचा सल्ला मिळालेल्या बाईने एक दिवस काम बुडविले, तर तिच्या नावे खाडा पडतो आणि दंडाची रक्कम उचलीत जमा होते. उपाय नाही असे नव्हे. न्यूझीलंडचे लिगिन्स व हाउई यांनी 1972 साली दाखवून दिल्याप्रमाणे वेळेवर दिलेल्या स्टेरॉइडने अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे सावरतात, आणि रुग्णालयात पाठविण्यापूर्वी डेक्सामेथासोनची पहिली मात्रा परिचारिकेने द्यावी अशी मुभा आपल्या सरकारनेच 2014 साली दिलेली आहे. पण त्यासाठीही गर्भाचे वय ठाऊक पाहिजे, आणि जवळपास नवजात शिशूची व्यवस्था पाहिजे.

सबब माझी सूचना अशी की, आपल्या उपक्रमातून चाचणी सिद्ध झाल्यावर तिची परीक्षा केवळ शहरी रुग्णालयात न करता मराठवाड्याच्या ऊसतोड गावांतही करावी. दसऱ्यापूर्वी प्रत्येक गर्भवतीची सोनोग्राफी सरकारी खर्चाने व्हावी. तिचे रक्त ज्या कारखान्याच्या हद्दीत ती असेल तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात घेतले जावे, आणि निकाल तेथील आशाताईंच्या हाती पडावा. आणि धोका निघालेल्या बाईच्या खाड्याची रक्कम कारखान्याने सोसावी की शासनाने, याचा निर्णय चाचणीला मंजुरी देण्याच्या त्याच कागदावर व्हावा.

आपला,
एक ग्रामस्थ
राणीसावरगाव, जि. परभणी