गोकुळ आणि गोठा

आमच्या नंदुरबारचें नांव नंद नांवाच्या गवळी राजावरून पडलें, अशी परंपरागत समजूत आहे. गाय, वासरूं आणि गोठा यांचा विषय निघाला कीं तो आम्हां गांवकऱ्यांस घरचाच वाटतो, याचें कारण कदाचित् हेंच असावें. आमच्या जिल्ह्यांत नवापूर-चिंचपाड्याकडे ख्रिस्ती बांधवांची वस्ती आहे. परंतु नाताळांत घरोघर हातानें गोठा रचण्याची चाल विशेषेंकरून गोवा व वसई येथील कॅथलिक कुटुंबांत आढळते. आज त्या गोठ्याविषयीं दोन शब्द लिहावयाचे आहेत.

लूककृत शुभवर्तमानांत एवढेंच आहे कीं, उतारशाळेंत जागा न मिळाल्यामुळें मरियेनें नवजात बाळास गव्हाणींत निजविलें. बैल व गाढव यांचा तेथें उल्लेखही नाहीं. यशया संदेष्ट्याच्या एका वचनाच्या आधारानें ते मागाहून या कथेंत आले. इ. स. १२२३ मध्यें इटलींतील ग्रेच्चो या गांवीं असिसीचे संत फ्रान्सिस यांनीं गवतानें भरलेली गव्हाण, खरा बैल व खरें गाढव आणवून तें दृश्य उभें केलें. त्या बाळास जन्मतांच किती हाल सोसावे लागले, हें प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहावें, हा त्यांचा हेतु.

गोव्यांत ही रचना बहुधा मुलांच्या हातची असते. बांबूच्या कामट्यांवर गवताचें छप्पर शाकारावें, कागद चुरगळून व रंगवून त्याचे डोंगर करावे, आरशाच्या तुकड्याचें तळें मांडावें. कित्येक दिवस आधीं पसरट भांड्यांत नाचणी पेरतात. तिचे कोवळे कोंब हेंच गोठ्याभोंवतालचें शेत. गव्हाण मात्र अनेक घरीं २४ डिसेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी ठेवितात व मग तींत बाळाची मूर्ति निजवितात.

हें वाचून ज्यास गोकुळाष्टमीचें मातीचें गोकुळ आठवणार नाहीं असा वाचक विरळा. तेथेंही जन्म मध्यरात्रींचाच, तेथेंही गुरें आणि गुराखी. दिवाळींतील किल्ल्यावर आपलीं मुलें हळीव पेरतात, त्याची व नाचणीच्या त्या शेताची जात एकच. धर्मतत्त्वें भिन्न असोत. रोज पाणी शिंपडून कोंबाची वाट पाहणारें मूल दोन्हींकडे सारखेंच.

आतां दोन्हींकडे तयार सामान बाजारांत मिळूं लागलें आहे. दोष दुसऱ्यास कां द्यावा? यंदाच्या दिवाळींत घर चिखलानें भरेल म्हणून आम्हींच नातवास प्लॅस्टरचा तयार किल्ला आणून दिला. त्यानें तो एकवार पाहिला आणि पुन्हां तिकडे फिरकला नाहीं. चूक त्याची नव्हे. ज्यास आपला हात लागला नाहीं, त्याविषयीं ममता कोठून उपजावी? त्या किल्ल्यांत वाट पाहण्यासारखें कांहीं उरलेंच नव्हतें.

असो. येत्या अष्टमीस आमच्या ओसरीवर माती येईल. सूनबाईंची समजूत घालण्याचें काम आम्हीं आपल्याकडे घेतलें आहे.