गल्ला म्हणजे स्कोअर, मॅच नव्हे



आज विषय फुटबॉलचा आहे, तोही महिलांच्या. "ताई, आपला मसाल्याचा धंदा, आपलं कपड्यांचं दुकान, मध्येच फुटबॉल कुठून आलं?" असं वाटेल तुम्हाला. पाच मिनिटं द्या. माझं एक ठाम मत आहे आणि ते या खेळातून पटकन कळतं: नुसता गल्ला बघून धंद्याचे निर्णय घेऊ नका. गल्ला किती झाला ते सांगतो, का झाला ते सांगत नाही.

दोन शून्यं, दोन वेगळे आजार

2022 साली महिलांचा एएफसी आशियाई कप आपल्याच महाराष्ट्रात झाला. नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात मॅचेस होत्या. 20 जानेवारीला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारत विरुद्ध इराण, निकाल 0-0. पुढे आपल्या संघात कोरोना पसरला आणि स्पर्धाच सोडावी लागली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 17 वर्षांखालच्या मुलींचा वर्ल्ड कप भारतात झाला. आपल्या मुली भुवनेश्वरला अमेरिकेकडून 0-8, मोरोक्कोकडून 0-3 आणि ब्राझीलकडून 0-5 हरल्या.

दोन्हीकडे आपल्या खात्यात गोल शून्यच. पण इराणविरुद्ध संधी आपल्यालाच जास्त मिळाल्या होत्या, बॉल जाळ्यात गेला नाही एवढंच. अमेरिकेसमोर मात्र गोलपर्यंत पोचणंच अवघड होतं. एका ठिकाणी नेम सुधारायचा, दुसऱ्या ठिकाणी सगळा खेळ. औषध वेगळं, पण स्कोअरबोर्डवर दोन्ही शून्यं सारखीच दिसतात.

म्हणून आज मोठ्या संघांत व्हिडिओ ॲनालिस्ट असतो. तो मॅच थांबवून थांबवून बघतो आणि प्रत्येक शॉट कुठून मारला, समोर कोण होतं, हे नोंदवतो. त्यावरून 'एक्स्पेक्टेड गोल' नावाचा आकडा निघतो. म्हणजे अशी संधी मिळाली तर साधारण किती वेळा गोल होतो? पेनल्टी असेल तर 0.75 च्या पुढे, लांबून मारलेला फटका असेल तर अगदी थोडा. गोल मोजण्याआधी संधी मोजायच्या, हा त्याचा गाभा.

आता दुकानात या. मंगळवारी धंदा 2,000 चा झाला. गिऱ्हाईकच फिरकलं नाही म्हणून, की तीस जण आले, भाव विचारला आणि गेले म्हणून? पहिल्यात जाहिरात, पाटी, जागा बघावी लागेल. दुसऱ्यात माल, भाव आणि काउंटरवरचं बोलणं. आपण काय करतो? दोन्हींवर एकच औषध: "डिस्काउंट लावा!" आजार न ओळखता दिलेलं औषध मार्जिन खातं, आणि मुद्रा लोनचा हप्ता काही थांबत नाही.

फसवा आकडा

"मॅडम, माझे इन्स्टावर पाच हजार फॉलोअर्स आहेत," असं कोणी सांगितलं की मला स्पेन आठवतं. 2023 च्या महिला वर्ल्ड कपमध्ये 31 जुलैला जपानविरुद्ध तीन-चतुर्थांशाहून जास्त वेळ बॉल स्पेनकडे होता. निकाल? जपान 4, स्पेन 0. स्पेनचा संघ पुढे सरकला की मागे मोकळी जागा राहायची आणि जपानच्या मुली तिथूनच धावत सुटायच्या. बॉलचा ताबा हा स्पेनचा फॉलोअर्सचा आकडा होता. दिसायला मोठा, गल्ल्यात काही नाही.

पण स्पेन तिथे रडत बसलं नाही. पाचच दिवसांनी स्वित्झर्लंडविरुद्ध पाच बदल करून उतरलं, त्यात गोलकीपरही नवी. काता कोलची सीनियर संघातली ती पहिलीच मॅच. स्पेन 5-1 ने जिंकलं आणि 20 ऑगस्टला सिडनीत इंग्लंडला 1-0 ने हरवून वर्ल्ड चॅम्पियन झालं.

टूर्नामेंटची गंमत हीच आहे. विजेत्याला मॅचेस फक्त सात. "वर्षाच्या शेवटी हिशोब बघू" असं म्हणणारा तोवर घरी पोचलेला असतो. आपली टूर्नामेंट म्हणजे दिवाळीचे पंधरा दिवस. भाऊबीजेनंतर कळलं की कोणता माल हवा होता, तर त्या कळण्याचा उपयोग काय?

माहिती वापरणाऱ्याच्या हातात हवी

2025 च्या युरो कपची फायनल, पुन्हा इंग्लंड आणि स्पेन. 1-1 अशी बरोबरी आणि मग पेनल्टी. स्पेनच्या काता कोलने कोण कुठे मारतं याची टिपणं पाण्याच्या बाटलीवर लावली होती. इंग्लंडची गोलकीपर हॅना हॅम्प्टनने ती बाटली उचलून प्रेक्षकांत फेकली, हे तिने नंतर स्वतःच सांगितलं! तिची टिपणं मात्र तिच्या हातावर होती. तिने दोन पेनल्टी अडवल्या आणि इंग्लंड शूटआउट 3-1 ने जिंकलं.

बाटली फेकणं बरोबर की चूक, यावर वाद घाला. मला दिसतं ते एवढंच: महिनोन्महिन्यांचं ॲनालिसिस शेवटी दोन-चार ओळींत आलं आणि जिला उडी मारायची तिच्यापाशी पोचलं. आपल्याकडे बिलिंग सॉफ्टवेअरचे रिपोर्ट मालकाच्या मोबाईलमध्ये असतात आणि काउंटरवरच्या मुलीला माहीतच नसतं की शनिवारी लोक कोणती साइज मागून परत जातात.

उद्यापासून काय करायचं?

कोणी महागडा डॅशबोर्ड गळ्यात मारत असेल तर थोडं थांबा. आधी प्रश्न, मग आकडा. सात दिवस एवढंच करा:

1. वही ठेवा. तीन रकाने: आत आले, घेऊन गेले, न घेता गेले. शेवटच्यात कारण एका शब्दात: भाव, साइज, रंग, गर्दी.

2. सीसीटीव्ही बघा. आपण तो चोरीसाठी लावतो. गर्दीच्या वेळेतली वीस मिनिटं दुकान बंद झाल्यावर बघा. लोक कुठे थांबतात? कोणत्या रॅककडे जातच नाहीत? किती वेळ उभे राहून निघून जातात? पण एक लक्षात ठेवा, हे कामगाराला पकडायला नाही. एकदा का फुटेज दाखवून चारचौघांत झापलंत, की त्या वहीत तुम्हाला खरं कोणी लिहिणार नाही.

3. एकच बदल करा. आठवड्याच्या शेवटी सगळ्यात जास्त वेळा आलेलं कारण घ्या, त्यावर एक उपाय करा आणि पुढचा आठवडा पुन्हा मोजा. पाच बदल एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळणारच नाही. स्पेनकडे वेळ पाच दिवसांचा होता, तुमच्याकडे दिवाळीपर्यंत आहे.

"एवढं लिहायला वेळ कुठे आहे?" हा प्रश्न मला कॉलेज रोडवरच्या शोरूमवाल्यांपेक्षा पंचवटीतल्या टपरीवाल्यांकडून जास्त येतो. माझं मत उलट आहे. मोठ्याचा एक सीझन वाया गेला तरी तो तग धरतो. आपल्याला नॉकआउटच खेळायचा असतो. म्हणून मोजायची गरज आपल्यालाच जास्त आहे, आणि त्यासाठी दहा रुपयांची वही पुरते.

सात दिवसांनी वहीतला तिसरा रकाना मोजा आणि सगळ्यात जास्त आलेलं कारण मला कळवा. पुढच्या व्हिडिओत त्यावरच बोलू.