डबा मुलांचा, काम कुणाचं?



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा शाळा सुरू होऊन पंधरा-वीस दिवस झालेले असतील. नव्या वह्या, पावसाने भिजलेली दप्तरं आणि घरोघरी सकाळचा तोच प्रश्न : आज डब्यात काय? याच दिवसांत पुरवण्यांमधून ‘मुलांचा आवडता डबा पौष्टिक कसा कराल’ असे रकाने येतात. पोळीचे ससे, काकडीच्या होड्या, वर बदाम आणि ब्रोकोली. त्यातली ‘तुम्ही’ म्हणजे आई, हे वेगळं सांगावंही लागत नाही. समाजकार्याचं शिक्षण घेताना आम्ही हाताळलेल्या पोषणाच्या तक्त्यांवरही वाढणारी बाईच असायची. बाप जेवायला बसलेला.

म्हणून हा विषय ‘चूल आणि मूल’ म्हणून आपण बाजूला सारायचा का? तसं करून चालणार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या दर १०० मुलांपैकी सुमारे ६९ मुलांना रक्तपांढरी, म्हणजे ॲनिमिया होता. १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण ५४ होतं. डबा खाणारं मूल आणि तो करणारी बाई, दोघांचंही रक्त कमी. दुसरी आकडेवारी वेळेची. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती. पुरुषांपैकी चारांतला एक जण घरकामाला हात लावत होता, आणि त्याची मिनिटं होती ९७. आता या २९९ मिनिटांत सशाचे कान कापायची आणखी वीस मिनिटं कुठून आणायची?

आमच्या वस्तीतल्या गटात हा विषय काढला तेव्हा एक जण पटकन म्हणाली, “ताई, बदाम लिहिणाऱ्यांना आधी आमचा पगार दाखवा.” सगळ्या हसल्या, पण मग चर्चा छान रंगली. आम्ही रकान्यांतले पदार्थ बाजूला ठेवले आणि मुलं खरोखर काय मागतात त्याची यादी केली. फोडणीचा भात, बटाट्याची भाजी-पोळी, साखर-तुपाची गुंडाळी आणि अर्थातच मॅगी. एकही पदार्थ बंद करायचा नाही, फक्त त्यात भर घालायची, असं ठरलं.

फोडणीच्या भातात मूठभर मोड आलेली मटकी आणि शेंगदाणे गेले की धान्याला कडधान्याची जोड मिळते आणि प्रथिनांचा कस वाढतो. वर लिंबू पिळलं तर कडधान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. उलट जेवणासोबत किंवा लगेच नंतर चहा घेतला तर लोह कमी शोषलं जातं. मुलांना शाळेतून आल्या आल्या चहा-बिस्किटं द्यायची सवय अनेक घरांत आहे, तिथे हे सांगायला हवं. पोळीच्या गुंडाळीत साखर कमी करून तीळ-शेंगदाण्याचं कूट आणि थोडा गूळ. बटाट्याच्या भाजीत मटार किंवा मेथी, आणि तीच भाजी पोळीत भरून पराठा. मॅगी हवीच असेल त्या दिवशी अर्धीच पुडी मसाला, सोबत कोबी-गाजर आणि एक अंडं. थालीपिठाच्या भाजणीत तर धान्यं आणि डाळी आधीच एकत्र असतात. आपल्या आज्यांचं हे शहाणपण महाग नाही. त्याला वेळ मात्र लागतो.

म्हणूनच वेळेची वाटणी हा या चर्चेचा गाभा. मोड आणायला मटकी भिजवणं, शेंगदाणे भाजून सोलणं, रात्री भाजी निवडून ठेवणं, सकाळी डबा भरून रात्री तो घासणं, यातलं कुठलं काम बाईच्याच हातून व्हायला हवं? आठ-नऊ वर्षांचं मूल यातलं बरंच करू शकतं. स्वतः वाटाणे सोललेलं मूल ते जास्त आवडीने खातं, असा अनेकींचा अनुभव. पण ‘मुलं मदत करतात’ म्हणताना आपण बहुतेकदा मुलींबद्दलच बोलत असतो, हेही गटात कबूल झालं. मुलालाही पाट्यावर कूट करू द्या. अंडं घरात एकच असेल तर ते कुणाच्या डब्यात जातं, तेही बघा.

डबा घरी भरला तरी उघडतो शाळेत. गटातल्या एकीची मुलगी रोज निम्मा डबा परत आणायची. भूक नाही म्हणायची. खोदून विचारल्यावर कळलं, सुकट-भाकरी बघून वर्गातल्या मुली नाक मुरडतात, म्हणून ती झाकण अर्धवट उघडून घाईघाईने खाते. सुकटीत प्रथिनं आहेत, कॅल्शियम आहे, आणि ते तिला मनापासून आवडतं. मग कमी कुठे पडलं? डब्यातून जात आणि ऐपत दोन्ही बाहेर पडतात आणि मुलांना ते फार लवकर कळतं. अशा वर्गात पोळीचा ससा काय कामाचा? मुलांना खरी मजा येते ती गोल करून बसण्यात, एकमेकींच्या डब्यात हात घालण्यात. ती निर्धास्तपणे घेता यावी हे शिक्षकांचं आणि पालकसभेचं काम आहे.

ज्यांच्या घरून डबा येऊच शकत नाही त्यांचं काय? सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलं जेवण देण्याचा आदेश दिला. प्राथमिकच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं हे त्याचं आजचं प्रमाण. महाराष्ट्रात २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्यातून एकदा अंडं, आणि न खाणाऱ्यांना केळं, देण्याचं ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्यासाठीचा वेगळा निधी थांबवला आणि शाळांनी अंडं लोकसहभागातून द्यावं असं सांगितलं. लोकसहभाग म्हणजे पुन्हा कुणाची पदरमोड? आणि हे जेवण रांधणाऱ्या बायकांना केंद्राने २००९ मध्ये मानधन ठरवलं ते महिन्याला १००० रुपये, तेही वर्षातले दहाच महिने. राज्यं त्यात भर घालतात, पण पगार म्हणावा असं ते होत नाही. घरात फुकट आणि शाळेत जवळजवळ फुकट. रांधण्याची किंमत दोन्हीकडे सारखीच.

तेव्हा या तिमाहीत प्रत्येक गटाने तीन गोष्टी कराव्यात. एक, मुलांच्या आवडीच्या पदार्थांची यादी करून आपल्या बाजारभावात त्यांत काय भर घालता येईल ते बघावं, आणि त्या बैठकीला बाप लोकांनाही बोलवावं. दोन, शाळेतल्या पालकसभेत डब्यावरून होणाऱ्या चेष्टेचा विषय काढावा. तीन, शाळा व्यवस्थापन समितीतल्या आपल्या प्रतिनिधीला घेऊन शाळेतलं जेवण स्वतः चाखावं, आणि रांधणाऱ्या बाईशी तिच्या मानधनाबद्दल बोलावं.

काय दिसलं, काय जमलं, कुणी विरोध केला, सगळं आम्हाला कळवा. मुलांनी सुचवलेले पदार्थही पाठवा. पुढच्या अंकात ती पानं तुमच्यासाठी राखून ठेवली आहेत.

तुमची,
संपादक मंडळाच्या वतीने