‘काही नाही, पित्त होय’ म्हणून वर्षं काढू नका



वऱ्हाडातले कापूस वेचणीचे दिवस आठवा. कमरेला ओटी करकचून बांधलेली, सकाळपासून वाकून वेचणं चाललेलं. दुपारी बांधावरच्या बाभळीखाली भाकरी, ठेचा, कांदा. हात धुवायचा अवकाश, की पुन्हा वेचणी. माझी आई अशीच वेचायची. जेवून वाकली की मध्येच थांबायची, छातीवर मूठ दाबायची, तोंडात आलेलं आंबट पाणी थुंकायची आणि पुन्हा वाकायची. काय होतं म्हणून विचारलं की एकच उत्तर, ‘‘काही नाही रे, पित्त होय. छातीत आगीवानी होते, मंग जाते आपोआप.’’

अशी तिनं चार वर्षं काढली. दुकानातून गोळ्यांची पट्टी यायची आणि जेवणानंतर एक गोळी जायची. शेजारच्या आजीनं बेंबी सरकली म्हणून तेल लावून पोटही चोळून दिलं. शेवटी भाकरीचा घास छातीत अडकू लागला, तेव्हा आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी आधी मशीन लावलं नाही. तीन प्रश्न विचारले. जळजळ वाकल्यावर होते का? जेवून आडवं झाल्यावर वाढते का? चढ चढताना, ओझं उचलताना दुखतं आणि थांबलं की कमी होतं का? पहिल्या दोन प्रश्नांना आई हो म्हणाली, हृदयाचं दुखणं ओळखणाऱ्या तिसऱ्याला नाही. तरीही त्यांनी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढला आणि मग तोंडावाटे दुर्बीण घालून तपासणी केली. हायटस हर्निया निघाला, अन्ननलिकेला आतून जखमाही झालेल्या होत्या.

हर्निया म्हटलं की आपल्याला जांघेतली गाठ आठवते. हा हर्निया बाहेरून दिसत नाही. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा एक पडदा असतो. त्यातल्या भोकातून अन्ननलिका खाली उतरते आणि जठराला मिळते. तिथंच एक झडप असते. खालचं आम्ल वर येऊ न देणं हे तिचं काम. भोक सैल झालं की जठराचा वरचा भाग छातीत सरकतो, झडप ढिली पडते आणि आम्ल वर चढतं. वाढलेलं वजन, गरोदरपण, सततचा खोकला, कुंथणं, जड ओझं, सरतं वय ही त्याची कारणं. पोट चोळून हे सरकलेलं जठर जागेवर येत नाही. मात्र लक्षात घ्या, लहान हर्निया कित्येकांना असतो आणि त्यांना काहीच त्रास होत नाही. उलट हर्निया नसतानाही आम्ल वर येऊ शकतं. म्हणून रिपोर्टवर तो शब्द दिसला की ऑपरेशनच, असं मानून घाबरू नका.

आपली अडचण अशी की ‘पित्त’ या एका शब्दात आपण सगळंच कोंबतो. आम्ल वर येणं, जठरातला व्रण, पित्ताशयातले खडे, अंगदुखीच्या गोळ्यांनी सोललेलं जठर आणि हृदयाचा झटका, सगळ्यांना नाव एकच. त्यातला शेवटचा तर वेळ देत नाही. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, धाप, यातलं काही असेल तर सोडा-लिंबू पीत बसू नका. १०८ ला फोन करा, लगेच ईसीजी काढून घ्या. बायांना आणि साखरेच्या रुग्णांना कधी कधी नुसती मळमळ आणि थकवाच जाणवतो. ‘गॅस धरला’ म्हणून रात्र काढणं त्यांना फार महागात पडू शकतं.

आता तपासणीचा क्रम. जळजळ आणि आंबट पाणी ही नेहमीची लक्षणं असतील, धोक्याची खूण नसेल, तर डॉक्टर सहसा आठ आठवडे आम्ल कमी करणारी गोळी देऊन पाहतात. ही गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास, रिकाम्या पोटी घ्यायची असते. माझी आई चार वर्षं ती जेवणानंतर घेत होती. गोळीनं आराम पडला नाही, किंवा बंद करताच त्रास परतला, तर दुर्बीण. घास अडकणं, वजन उतरणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, रक्त कमी होणं, किंवा साठीच्या पुढे पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यातलं एकही असेल तर गोळीची वाट न पाहता थेट दुर्बीण.

दुर्बिणीला भिऊ नका. टाका नाही, चिरा नाही. रात्रभर उपाशी राहायचं, घशात बधिर करणारा फवारा मारतात आणि काही मिनिटांत काम होतं. साखरेच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. पित्ताची गोळी किती दिवस घेताय तेही सांगा, कारण गोळीनं भरून आलेली जखम दुर्बिणीत दिसत नाही. दुर्बीण नॉर्मल आली तरी आम्ल वर येत असू शकतं. तेव्हा मोठ्या केंद्रात अन्ननलिकेतलं आम्ल २४ तास मोजतात, तिचा दाब तपासतात. बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेत हर्नियाचा आकार कळतो. आणि पोटाची सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नका. ती पित्ताशयातले खडे दाखवते, अन्ननलिकेतली जखम नाही.

खारपाणपट्ट्यातल्या, दर्यापूर, अकोट, तेल्हाऱ्याकडच्या माणसांना वेगळं सांगणं आहे. तिथं मूत्रपिंडाच्या दुखण्याची धास्ती आधीच आहे. त्यात रोजचा खायचा सोडा अंगात सोडियम वाढवतो, अंगदुखीच्या गोळ्या मूत्रपिंडाला आणि जठरालाही इजा करतात. मनानं काही घेऊ नका.

जायचं कुठं? अमरावतीत इर्विन म्हणजे जिल्हा रुग्णालय, अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सर्वोपचार रुग्णालय. दुर्बिणीची तपासणी कुठं आणि कोणत्या दिवशी होते ते तिथं विचारा. पैशाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा, आपला उपचार योजनेत बसतो का ते तो सांगेल. 

घरी करण्यासारखंही पुष्कळ आहे. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू वीतभर उंच करा. तंबाखूचा खर्रा सोडून द्या. जेवल्यावर लगेच वाकू नका, ओटी सैल बांधा.

आणि एक कराच. पोरांच्या वहीचं एक पान घ्या. आठ दिवस लिहा: काय खाल्लं, किती वाजता, जळजळ कधी झाली, वाकल्यावर की झोपल्यावर की चालताना, कोणती गोळी घेतली. लिहिता येत नसेल तर लेकराला सांगा, ते लिहील. ते पान डॉक्टरांपुढे ठेवा. आमच्या आईनं तीन प्रश्नांची उत्तरं दिली आणि चार वर्षांच्या दुखण्याला वाट सापडली. ती उत्तरं तिच्याजवळ पहिल्या दिवसापासून होती. विचारणाऱ्यापर्यंत ती पोचली नव्हती, एवढंच. तुमची उत्तरं या वेचणीच्या आधी पोचू द्या.