एकच कळ, दोन मंत्र

विषामृत तुम्ही सगळेच खेळलेले आहात. ज्याच्यावर राज्य, त्यानं हात लावला की विष. सवंगड्यानं लावला की अमृत. हात लावणं तेच, पण कोणी लावला यावर ठरतं, गडी पुतळा होणार की सुटणार. कॉम्प्युटरवरच्या खेळातही हीच युक्ती वापरतात, बरं का!

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन खेळ अमेरिकेतल्या ब्लिझार्ड कंपनीनं २००४ साली काढला. त्यात तुम्ही प्रीस्ट झालात, तर तुमच्याकडे जखमा भरायचे मंत्र असतात आणि शत्रूवर सोडायचेही. प्रत्येक मंत्राला की-बोर्डवर एकेक कळ. मंत्र डझनांनी आणि बोटं दहाच! त्यातही डावा हात चालण्यात गुंतलेला, उजवा माउसवर. मग खेळाडू ‘मॅक्रो’ लिहितात. मॅक्रो म्हणजे आधी लिहून ठेवलेली छोटीशी आज्ञा. ती २५५ अक्षरांत बसवावी लागते. आपल्या भाषेत लिहायची तर अशी :

[मित्र] जखम भर. [शत्रू] प्रहार कर

चौकटी कंसात अट, तिच्यापुढे काम. खेळ डावीकडून वाचत जातो. जी अट पहिल्यांदा खरी ठरेल तिचं काम करतो आणि पुढचं वाचतसुद्धा नाही. शेवटी कंसाशिवाय एखादं काम लिहिलं, तर ते ‘नाहीतर’चं काम. झालं! दोन कळांच्या जागी एक कळ.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे हा खेळ खेळतो? पण कॉम्प्युटरवर मराठी टाइप केलंत, तर असंच काहीसं घडतं. जुन्या मराठी टाइपरायटरवर अर्ध्या अक्षरांच्या कळा वेगळ्या आणि रफाराची वेगळी. पुढे १९८८ साली आपल्या पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. ‘परम’ महासंगणकामुळे तिचं नाव सगळ्यांना माहीत झालं, पण आयआयटी कानपूरला सुरू झालेलं ‘जिस्ट’ हे भारतीय लिप्यांचं कामही तिनं पुढे नेलं. मला विचाराल तर ते ‘परम’पेक्षा कमी मोलाचं नाही. इन्स्क्रिप्ट की-बोर्ड १९९१ च्या भारतीय प्रमाणात आला. त्यात र ची कळ एक (इंग्रजी जे) आणि अक्षराचा पाय मोडायची एक (इंग्रजी डी).

आता गंमत बघा. ‘सूर्य’ लिहिताना र, पाय मोडा, य असं दाबलं, की र टुणकन य च्या डोक्यावर. ‘चक्र’ लिहिताना क, पाय मोडा, र. आता तोच र तिरकी रेघ होऊन क ला चिकटतो. ‘राष्ट्र’मध्ये ट च्या खाली छपरासारखा! कळ तीच, शेजारी कोण आहे ते पाहून यंत्र रूप ठरवतं. डोंगरातल्या ‘दऱ्या’ लिहायला मात्र शिफ्ट धरून निराळा र घ्यावा लागतो. नाहीतर दऱ्यांचा ‘दर्या’, म्हणजे समुद्र व्हायचा! तुम्हाला डोंगर हवा की समुद्र, हे यंत्राला कसं कळणार? ते तुम्हीच सांगायचं.

खेळातही हाच प्रश्न आला होता. सुरुवातीच्या काळात काही जोडप्रोग्रॅम कोणाला मंत्राची गरज आहे हे स्वतःच शोधायचे आणि मंत्रही निवडायचे. खेळाडूनं नुसती एक कळ बडवायची! डिसेंबर २००६ मध्ये कंपनीनं हे बंद केलं. तेव्हापासून मॅक्रोला काही गोष्टी विचारता येतात : समोर मित्र की शत्रू, जिवंत की मेलेला, शिफ्ट धरली आहे का. पण ‘मित्राची शक्ती किती उरली?’ असं विचारता येत नाही. ते आपल्या डोळ्यांनी पाहायचं.

२०२५ साली मात्र कंपनीनं स्वतःच एका कळीचा मदतनीस दिला. हल्ल्याचा पुढचा मंत्र तोच निवडतो, फक्त थोडा संथपणे. ज्यांचे हात भराभर चालत नाहीत, त्यांची यामुळे सोय झाली हे खरं. पण धडधाकट मुलांनी तो वापरावा, हे माझ्या मनाला काही पटत नाही. आईबाबांना काय वाटतं, विचारून बघा बरं.

आता एक कोडं. बंडूनं दप्तरासाठी मॅक्रो लिहिला :

टोपी घाल, [पाऊस] रेनकोट घाल

बंडू जुलैभर भिजत शाळेत आला. का? मॅक्रो दुरुस्त करून कळवा. उत्तर पुढच्या अंकात.