गृहचौकशीला वेळ द्या

जोगेश्वरीत मेघवाडीच्या चाळीत परिवीक्षा अधिकारी येतात, तेव्हा अंगावर गणवेश नसतो. घरात कमावतं कोण, पोरगा कामावर टिकेल का, हे विचारायचं. शेजाऱ्यांना गुन्ह्याचा सुगावाही लागू द्यायचा नाही. 1958च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमानुसार दोषी ठरलेल्याला न्यायालय तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतं, जास्तीत जास्त 3 वर्षांसाठी. या गृहचौकशीवरचा अधिकाऱ्याचा अहवाल असेल तर तो विचारात घ्यावाच लागतो. घाईत खरडलेल्या चार ओळींवर कुणाचा तरी संसार तोलला जातो, याची आम्हाला काळजी वाटते.

खटला अजून चालू असलेल्या कच्च्या कैद्यांसाठी समाजकार्य टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ने 1990 मध्ये हाती घेतलं. सरकारनेही गृहचौकशीसाठी पूर्णवेळ माणसं नेमावीत, आणि लवकर.